गोड्या पाण्यात पळतो, बिल्जमध्ये बसतो: फोटोकॅटॅलिटिक रिअ‍ॅक्टरचं दुखणं शोधताना

फोटोकॅटॅलिटिक रिअ‍ॅक्टर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरवर (तीच कॅटलिस्ट) अतिनील दिवा पाडून पाण्यातली घाण जाळणारी टाकी. तिच्याबद्दलची तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. डिस्टिल्ड पाण्यात मिथिलीन ब्लूचा निळा रंग बघता बघता उडाला, सगळे खूश. मग जहाजाच्या बिल्जचा, म्हणजे तळाशी साचणाऱ्या तेलकट, खाऱ्या पाण्याचा, कॅन आला. पहिल्या दोन-तीन बॅच बऱ्या गेल्या आणि त्यानंतर सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) जागचा हलेना. निदान ठरलेलं: 'कॅटलिस्ट मेला.' नवी पावडर मागवायची, पुन्हा दोन-तीन बॅच बऱ्या, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

पुण्याला समुद्र नसला तरी या विषयाची माणसं इथे भरपूर आहेत. इंदोरी आणि लोणी काळभोरला जहाजावरचे इंजिनिअर घडतात, पाषाण रोडला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, आणि भोसरी-पिरंगुटला सांगाल तसा रिअ‍ॅक्टर जोडून देणारी वर्कशॉपं आहेत. नाही ते फक्त खारं पाणी. रिअ‍ॅक्टर इथल्या गोड्या पाण्यावर वाढतो आणि खाऱ्या पाण्यात उतरला की अडखळतो. यात पावडर खरोखर मेलेली निघते ती क्वचितच. दोष बहुतेक मोजमापात, दिव्यात नाहीतर मिठात सापडतो, आणि याच क्रमाने शोधला तर पैसे वाचतात.

आधी एक कायमची चाचणी बांधून ठेवा

मिथिलीन ब्लूवर विसंबू नका. हा रंग टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांना नुसता चिकटूनही पाण्यातून नाहीसा होतो, स्वतःच प्रकाश शोषून थोडा फिका पडतो, आणि ऑक्सिजन कमी असेल तर बिनरंगी रूपात जातो. त्यात हवा सोडली की निळा परत हजर. डोळ्यांना छान दिसतं, पण त्यावरून रिअ‍ॅक्टरची तब्येत कळत नाही.

त्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात फिनॉल किंवा फॉर्मिक अ‍ॅसिडचं ठरलेलं द्रावण घ्या. तोच दिवा, तीच पावडर, तेच तापमान. रिअ‍ॅक्टर नवा असताना त्याचा वेग नोंदवून ठेवा. पुढे बिल्जमध्ये गाडी अडली की हीच चाचणी परत लावायची. वेग पहिल्याइतकाच आला तर दिवा आणि पावडर दोन्ही ठणठणीत आहेत, खोट पाण्यात आहे. वेग पडला असेल तर त्याच दिव्याखाली नवी पावडर टाकून बघा: सुधारला तर पावडर, नाही सुधारला तर दिवा. एवढ्याने निम्मं कोडं सुटतं, आणि नेमकं हेच कोणी केलेलं नसतं.

सीओडी खोटं बोलतोय का?

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 19,000 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट सेंद्रिय घाण जशी जाळतं तसं क्लोराइडही जाळतं, आणि एक मिलिग्रॅम क्लोराइड 0.226 मिलिग्रॅम सीओडी म्हणून नोंदलं जातं. गुणाकार करा: निव्वळ समुद्राचं पाणी, घाणीचा थेंब नसताना, 4,300 च्या घरात सीओडी दाखवू शकतं. म्हणून त्यात मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधून ठेवतात. पण नेहमीच्या कुप्यांमधली मात्रा साधारण 2,000 मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच पुरते. त्यापुढे नमुना पातळ करावा लागतो. आणि पातळ केला की खरी घाण इतकी कमी उरते की यंत्राला ती धड दिसत नाही.

आता समजा तुमच्या पाण्यात खरा सीओडी 300 होता, रिअ‍ॅक्टरने तो 150 वर आणला, आणि क्लोराइडचा खोटा सीओडी दोन्ही वेळा हजाराच्या वर होता. अहवालात काय दिसणार? जवळजवळ काहीच फरक नाही. रिअ‍ॅक्टरने काम चोख केलं आणि बदनामीही त्याचीच झाली. जहाजावरच्या सांडपाणी संयंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या एमईपीसी.227(64) या ठरावात सीओडीची मर्यादा 125 मिलिग्रॅम आहे. लिटरमागे हजार मिलिग्रॅम क्लोराइड बांधायचं राहून गेलं तर एकट्या त्याचेच 226 होतात. म्हणून खारं पाणी असेल तर टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनची चाचणी, करून घ्या. महाग पडतं, पण एकदा केलं की वाद मिटतो. ते जमणारच नसेल तर तेवढंच क्लोराइड असलेलं, घाण नसलेलं पाणी ब्लँक (तुलनेचा कोरा नमुना) म्हणून सोबत लावा. पारा असलेल्या त्या कुप्या मात्र बेसिनमध्ये ओतू नका; घातक कचऱ्याची सोय रांजणगावला आहे, तिकडे रीतसर पाठवा.

हायड्रोजन पेरॉक्साइड घालून वेग वाढवत असाल तर तेही लक्षात घ्या. उरलेलं पेरॉक्साइड सीओडी म्हणून मोजलं जातं, हिशोबाने मिलिग्रॅमला 0.47. पट्टी बुडवून आधी उरलंय का ते बघा.

तिसरी गंमत तेलाची. सुरुवातीला तेल वर तरंगत असतं, कॅनच्या भिंतींना चिकटलेलं असतं, पिपेटमध्ये येतच नाही. तासाभरात त्याचे तुकडे होऊन विरघळणारी आम्लं तयार होतात आणि मग ती नमुन्यात उतरतात. सीओडी चक्क वाढलेला दिसतो! बोरघाट चढून, उन्हात तापत आलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये हे हमखास होतं. तेल मोजायचं असेल तर नमुना काचेच्या बाटलीत घ्या आणि अख्खी बाटली वापरा, अर्धी ओतून नको. सीओडीसाठीचा भाग सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच 2 च्या खाली नेऊन थंड ठेवा. रिअ‍ॅक्टरमध्ये टाकायच्या पाण्यात मात्र अ‍ॅसिड घालायचं नाही, नाहीतर इमल्शनच (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल) फुटतं आणि तुम्ही भलत्याच पाण्यावर प्रयोग करत बसता.

पहिल्या बॅचचं यश दिव्यामुळे होतं का?

दिवा बंद ठेवून, पावडर टाकून अर्धा तास ढवळा. मग मोजा. या अंधारातच घाण बरीच कमी झाली असेल तर ती नष्ट झालेली नाही, कणांवर जाऊन बसली आहे. नव्या पावडरला पृष्ठभाग मोकळा असतो. पी-25 या बाजारात मिळणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची एक ग्रॅम पावडर घेतली तर साधारण 50 चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढी जागा. ती भरेपर्यंत दोन-तीन बॅच झकास जातात. भरली की थांबतात. 'नवी पावडर टाकली की चालतो' या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे. दिवा पहिल्यापासूनच कमी पडत होता, ते शोषणामुळे झाकलं गेलं होतं.

दिवा, काच आणि तापकीर गल्ली

अ‍ॅनाटेज रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 1240 ला त्याने भागा, 387 नॅनोमीटर येतात. म्हणजे त्याहून आखूड लहरीच कामाच्या. बाजारात 'यूव्ही एलईडी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्या बहुतेक 395 ते 405 नॅनोमीटरच्या असतात. जांभळा उजेड झगझगीत पडतो, नोटा तपासता येतात, नखांचं जेलही वाळतं, पण अ‍ॅनाटेजला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. पी-25 मध्ये थोडं रुटाइल (त्याच ऑक्साइडचं दुसरं स्फटिकरूप) असतं आणि त्याची सीमा 413 नॅनोमीटरपर्यंत जाते, त्यामुळे अगदीच शून्य येत नाही. तेवढ्यावर माणूस फसतो. तापकीर गल्लीत एलईडी घ्यायला गेलात तर वॅट विचारण्याआधी नॅनोमीटर विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पुढचं दुकान गाठा. 365 चा एलईडी महाग असतो, आणि त्याला तितकाच दणकट हीटसिंक लागतो. तापला की उजेड उतरतो. सकाळची बॅच चांगली आणि दुपारची वाईट असं होत असेल तर आधी हीटसिंकला हात लावून बघा.

254 नॅनोमीटरचा पारा-दिवा वापरत असाल तर भोवतीची नळी क्वार्ट्झचीच हवी. बोरोसिलिकेट काच दिसायला सारखी असते, पण 254 अडवते.

आणि ती नळी बाहेर काढून बघा. 'मागच्या महिन्यात पुसली होती' याला अर्थ नाही, आज काढा. उजेडासमोर तिरकी धरली की धुरकट पट्टे दिसतात. पांढऱ्या टिश्यूने कोरडी पुसा: टिश्यू तपकिरी झाला तर लोखंड, बिल्जमध्ये गंजाची कमतरता नसतेच. पांढरट खरखरीत थर असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम. टँकरचं किंवा बोअरचं पाणी चाचणीला वापरणाऱ्यांकडे हा पांढरा थर जहाजाचं पाणी यायच्या आधीच बसलेला असतो. किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाचं पाच-दहा टक्के द्रावण करून तासभर बुडवून ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, हातमोजे घालून परत बसवा. बोटांचे ठसे दिव्याच्या उष्णतेने काचेवर पक्के होतात. तारेचा घासा अजिबात नको.

मीठ काय करतं

एक सोपा प्रयोग करा, शिकवायलाही बरा पडतो. दोन मोजपात्रं घ्या, एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात समुद्राचं. दोन्हींत लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने पावडर घालून सारखं ढवळा आणि टेबलावर ठेवून द्या. डिस्टिल्डमधलं दूध बराच वेळ दूधच राहतं. समुद्राच्या पाण्यात थोड्याच वेळात कणांचे पुंजके डोळ्यांना दिसू लागतात, वरचं पाणी निवळत जातं आणि तळाशी पांढरा साका बसतो. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युत-थर मिठाने दाबून टाकला. रिअ‍ॅक्टरमध्येही हेच होतं. तुम्ही टाकलेली पावडर तळाला, कोपऱ्यात, पंपाच्या पोटात जाऊन बसते आणि दिव्यासमोर फारसं काही उरत नाही. यावर 'डोस वाढवा' हा सल्ला सर्रास दिला जातो; माझ्या मते चुकीचा. लिटरमागे एक-दोन ग्रॅमच्या पुढे गेलं की कण एकमेकांवर सावली धरतात. ढवळणं सुधारा, तळाचे मृत कोपरे काढा, नाहीतर पावडर सोडून लेप दिलेल्या पृष्ठभागाकडे वळा.

मिठाचा दुसरा घाव रासायनिक आहे. उजेडात कणांवर तयार होणारा, घाण जाळणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल काही निवडक नसतो, समोर येईल त्याला भिडतो. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट लिटरला 140 मिलिग्रॅमच्या आसपास आणि ब्रोमाइड 65 च्या आसपास असतं. दोघंही रॅडिकल खातात, ब्रोमाइड तर फार वेगाने. क्लोराइडचं थोडं वेगळं आहे. पीएच 8 च्या आसपास त्याची हायड्रॉक्सिलशी होणारी क्रिया बरीचशी उलटते, पण पीएच 6 च्या खाली टायटॅनियाच्या (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या) पृष्ठभागावर धन भार येतो आणि क्लोराइड तिथे जाऊन चिकटतं. कागदावर आम्लधर्मी पीएचला वेग जास्त दिसला म्हणून बिल्जमध्ये अ‍ॅसिड ओतणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. ब्रोमाइडमधून ब्रोमेट आणि ब्रोमीनयुक्त सेंद्रिय संयुगं तयार होऊ शकतात. सीओडी उतरला म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नाही.

घरच्या मिठाने समुद्र बनवू नका. त्यात ब्रोमाइड, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट पुरेसं नसतं, आणि पाकिटातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. एएसटीएम डी1141 या मानकात कृत्रिम समुद्रजलाची कृती दिलेली आहे, तिच्याप्रमाणे क्षार तोलून घ्या.

आणि सगळं जहाजी पाणी खारं नसतं, हेही सांगायला हवं. स्वयंपाकघर, लाँड्री, अंघोळीचं ग्रे वॉटर बहुतांशी गोड्या पाण्याचंच असतं. तिथे चव वेगळी, तिथला खलनायक साबण आणि फॉस्फेट. नमुना आला की पहिल्यांदा कंडक्टिव्हिटी मोजा, मग पुढचं बोला.

विजेचा हिशोब, जो कोणी करत नाही

365 नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनमध्ये 328 किलोज्यूल, म्हणजे 0.091 युनिट ऊर्जा असते. एक ग्रॅम सीओडी जाळायला 0.125 मोल इलेक्ट्रॉन हलवावे लागतात. शंभर फोटॉनांतला एकच कामी आला असं धरा, आणि खऱ्या पाण्यात हे धरणं काही कंजूसपणाचं नाही. मग 12.5 मोल फोटॉन लागले, म्हणजे 1.14 युनिट प्रकाश. एलईडी विजेतली 40 टक्के प्रकाशात बदलत असेल तर ग्रॅममागे जवळपास 2.9 युनिट वीज. आता एक घनमीटर बिल्ज घ्या, सीओडी हजार मिलिग्रॅमने उतरवायचाय, म्हणजे एक किलो. 2,900 युनिट! कार्यक्षमता पाचपट चांगली धरली तरी सहाशेच्या जवळ.

आता वर्कशॉपमधला तुमचा 40 वॅटचा दिवा आठवा आणि वीस लिटरच्या टाकीतला सीओडी संध्याकाळपर्यंत का उतरला नाही ते सांगा. कॅटलिस्टचा यात काय गुन्हा? हे तंत्र शेवटचा हात फिरवायला आहे. तेल आधी सेपरेटरने काढा, जहाजांच्या प्रदूषणावरच्या मार्पोल कराराची तेलाची मर्यादा 15 पीपीएम आहेच, इमल्शन फोडा, गाळा, जमत असेल तर जैविक प्रक्रिया करून घ्या, आणि उरलेलं हट्टी, विरघळलेलं तेवढंच दिव्यापुढे आणा. सेपरेटरच्या आधी सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर तो बदला. तो तेलाचं असं बारीक इमल्शन करतो की पुढची सगळी साखळी रडते.

पावडर खरंच थकली असेल तर

कायमच्या चाचणीने पावडरकडेच बोट दाखवलं, तर रंग बघा. पिवळट-तपकिरी झाली असेल आणि पाण्यात तेल होतं, तर अर्धवट जळलेल्या सेंद्रिय घाणीचा थर आहे. स्वच्छ पाण्यात, हवा सोडत, दिव्याखाली रात्रभर ठेवा. न सुटल्यास मफल फर्नेसमध्ये 400 ते 450 अंशांना भाजा. 600 च्या पुढे जाऊ नका, अ‍ॅनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं आणि पृष्ठभागही घटतो. ग्रे वॉटरवर चाललेली पावडर पांढरीशुभ्र असूनही मंद असेल तर संशय फॉस्फेटवर घ्या. ते भाजून जात नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाने, 0.1 मोलर पुरे, धुवा आणि पीएच मूळ पदावर येईपर्यंत साध्या डिस्टिल्डने खळबळा. गंजाचा लालसर रंग ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. प्रत्येक धुण्यानंतर तीच फिनॉलची चाचणी, म्हणजे कशाने गुण आला ते कळेल.

लेप दिलेल्या काचांचं एक वेगळं दुखणं आहे. साध्या खिडकीच्या काचेवर लेप देऊन 450-500 अंशांना भाजलं की काचेतलं सोडियम लेपात शिरतं आणि लेप जन्मतःच मंद होतो. बोरोसिलिकेट घ्या, किंवा आधी सिलिकाचा पातळ थर द्या. एकाच जाड थरात काम उरकायला गेलात तर भाजताना भेगा पडतात आणि पपड्या सुटतात. पातळ थर, पुन्हा पातळ थर, असं चढवा.

झिंक ऑक्साइड वापरणाऱ्यांना फार सांगण्यासारखं नाही. तो प्रकाशात स्वतःच झिजतो, आम्लात विरघळतो, अल्कलीतही विरघळतो. जहाजासाठी तो नकोच.

फेस आणि अलार्म

ऑक्सिजन नसेल तर प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन न्यायला कोणी नसतं आणि ते मागे राहिलेल्या पोकळीत परत जाऊन विझतात, म्हणून हवा सोडावीच लागते. पण साबणाच्या पाण्यात हवा सोडली की फेस चढतो, आणि फेसाबरोबर पावडरही वर चढून ओव्हरफ्लोमधून निघून जाते. दर बॅचला डोस कमी होत राहतो आणि पत्ता लागत नाही. फेस वाळवून बघा, पांढरी पूड हाताला लागेल. हवा रिअ‍ॅक्टरमध्ये न सोडता बाहेरच्या टाकीत हळू सोडा आणि पाणी फिरवत ठेवा.

पाणी स्वच्छ झालंय, तरी पुढचा तेल मोजणारा 15 पीपीएम मीटर बोंबलतोय, ही तक्रार तर ठेवणीतलीच. यातले बरेच मीटर विखुरलेला प्रकाश मोजून तेल ओळखतात, आणि टायटॅनियासारखा प्रकाश विखुरणारा पदार्थ शोधून सापडायचा नाही. रंगाच्या डब्यात तो त्यासाठीच घालतात. निसटलेले कण मीटरला तेल वाटतात. मीटरचं कॅलिब्रेशन छेडू नका. आधीची गाळणी तपासा. पावडर मोकळी सोडणाऱ्या रिअ‍ॅक्टरला मेम्ब्रेन हवाच. नाहीतरी ते कण समुद्रात सोडायचे नसतातच.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर प्रश्नासोबत पाण्याची कंडक्टिव्हिटी, पीएच, दिव्याचे नॅनोमीटर आणि वॅट, टाकीचे लिटर, पावडरचं नाव आणि डोस, अंधारातल्या अर्ध्या तासाचा आकडा आणि फिनॉलच्या चाचणीचा जुना-नवा वेग लिहा. नुसता टाकीचा फोटो पाठवलात तर मी पहिल्यांदा हेच सगळं विचारणार.